पापाचा वाटा आणि वकीलपत्र

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात एका म्हाताऱ्या, निरक्षर, गरीब माणसाने भूसंपादनाचा मोबदला मिळवण्यासाठी वकील लावला. सरकारने मोबदल्याचे ८,११८ रुपये कोर्टात भरले. सप्टेंबर १९८७ मध्ये वकिलाने ते कोर्टातून उचलले, पण पक्षकाराच्या हातात काही पडले नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये म्हाताऱ्याने बार कौन्सिलकडे तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये त्याच्याच नावाचे एक प्रतिज्ञापत्र दाखल झाले : आमचे आपसात मिटले आहे, तक्रार उरलेली नाही. ते प्रतिज्ञापत्र बनावट निघाले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलाला तीन वर्षांसाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयाला ही शिक्षा अपुरी वाटली आणि जानेवारी २००२ मध्ये त्याचे नाव वकिलांच्या यादीतून कायमचे काढले गेले. तक्रार आणि शेवटचा निकाल यांच्यामध्ये साडेतेरा वर्षे गेली होती.

निकाल कडक होता आणि योग्यही होता. पण ज्या कलमाखाली ही शिक्षा झाली, ते १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम ३५ शिस्तपालन समितीला चारच वाटा देते. तक्रार फेटाळावी, ताकीद द्यावी, ठरावीक मुदतीसाठी निलंबित करावे किंवा नाव यादीतून काढावे. या माणसाचे पैसे परत कर, असा हुकूम त्या चारांत बसत नाही.

दोषीला शिक्षा झाली म्हणजे फसवल्या गेलेल्याला न्याय मिळाला, असे म्हणता येते का? प्रश्न कायद्याचा आहे, पण त्याची मुळे धर्म आणि नीतीच्या विचारात खोल गेलेली आहेत. आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : एकाने केलेल्या चुकीचे फळ दुसऱ्याने का भोगावे?

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. वाटसरूला लुटावे, मारावे आणि दर खुनामागे रांजणात एक खडा टाकावा, असा त्याचा क्रम. नारदाने त्याला विचारले, हे सारे ज्यांच्यासाठी करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारून आला. लुटीवर पोसलेल्या त्या घरातले एकही माणूस पापाचा वाटा घ्यायला तयार नव्हते. वाल्मीकिरामायणात ही कथा नाही. अध्यात्मरामायणात ती येते, तीही नारदाऐवजी सप्तर्षींना घेऊन, आणि पुढे कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली. तिचा आशय मात्र कर्मविचाराच्या गाभ्यातला आहे : ज्याचे कर्म त्याचेच फळ. लुटीचा वाटा घेता येतो, पापाचा घेता येत नाही.

आता वकीलपत्राचा कागद पाहावा. वर कोर्ट फीचे तिकीट, शेजारी वकिलांच्या कल्याण निधीचे तिकीट, खाली बारीक टाइपातला छापील मजकूर. त्याच्या शेवटाकडे या अर्थाचे वाक्य हमखास असते, की वकिलांनी या कामी जे जे केले ते मी स्वतः केल्याप्रमाणे मला कबूल व मंजूर राहील. त्याखाली पक्षकाराची सही, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा. बहुतेक जण तो मजकूर वाचत नाहीत. कारकून बोट ठेवून दाखवतो तिथे सही करतात. वाल्याच्या घरच्यांनी जे नाकारले, ते पक्षकार इथे आगाऊ लिहून देतो.

वकिलाचे केलेले पक्षकाराला बांधते, हा नियम इंग्रजांनी आणलेला नाही. नारदस्मृतीत सांगितले आहे, की वादीने किंवा प्रतिवादीने नेमलेला माणूस ज्याच्यासाठी भांडतो, त्याचाच जय आणि त्याचाच पराजय. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले. प्राचीन न्यायव्यवहाराची अशी वचने त्यांनी त्यात शेजारी शेजारी ठेवून तपासली आहेत. शुक्रनीतीत नियोग्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने वाद चालवणाऱ्याच्या, मेहनतान्याचा दरही दिलेला आहे. तो दाव्याच्या सोळाव्या हिश्श्यापासून सुरू होतो आणि उतरत जातो. वाजवीपेक्षा वेगळी फी घेणाऱ्या नियोग्याला राजाने दंड करावा, असेही तिथे म्हटले आहे. शुक्रनीतीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत आणि काही जण तिला अगदी अलीकडची मानतात. तरी एवढे दिसते, की दुसऱ्यासाठी बोलणारा माणूस लबाडी करू शकतो, ही शक्यता आपल्या विचारवंतांनी गृहीत धरली होती.

नारदस्मृतीतल्या या नियमामागे कारण आहे आणि ते हलके नाही. कोर्टात समोर दुसरी बाजूही उभी असते. तिने वर्षानुवर्षे तारखा केल्या, खर्च केला आणि हुकूमनामा मिळवला. मग हरलेला म्हणतो, चूक माझी नव्हती, माझ्या वकिलाची होती. प्रत्येकाला हे म्हणू दिले तर कोणताच निकाल शेवटचा राहणार नाही. विरोधकानेही काही गुन्हा केलेला नसतो. म्हणून पेच निरपराध आणि अपराधी यांच्यातला राहत नाही, तो दोन निरपराधांमधला होतो.

या पेचावर सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात एक वाट काढली. अलाहाबाद उच्च न्यायालयात अपील पुकारले तेव्हा वकील हजर नव्हता, म्हणून अपील निकालात निघाले. पक्षकार खेड्यातला. त्याने वकील लावला होता, फी दिली होती, त्याच्या हातात होते ते सारे केले होते. अशा माणसाने आपला वकील कोर्टात उभा राहतो की नाही यावर पहारा ठेवावा, अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी म्हटले. अपील पुन्हा पटावर आले आणि विरोधकाला झालेल्या त्रासाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले गेले. रक्कम किरकोळ आहे, पण चुकीचा भार चूक करणाऱ्याच्या खांद्यावर गेला. कर्मविचाराला हेच अभिप्रेत आहे.

बारा वर्षांनी याच न्यायालयाने त्या सवलतीला मर्यादा घातली. १९९३ च्या सलिल दत्ता प्रकरणात पक्षकार ही कलकत्त्यातली खासगी कंपनी होती. तिचे संचालक शिकलेले, शहरात राहणारे. सगळे वकिलावर ढकलून मोकळे होण्याचा हक्क त्यांना नाही, असे न्यायालयाने ठरवले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर त्यामागचा विचार दिसतो. ज्याला जितके कळू शकत होते, तितकी त्याची जबाबदारी.

उशीर आणि गैरहजेरी यांचे एक झाले. पण पैसे खाणे, खोटे बोलणे, विश्वासाने दिलेली वस्तू दाबून ठेवणे, याचे काय? इथे धर्मग्रंथांची भाषा एकदम बदलते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ठेव हडपणे हे सोने चोरण्याच्या बरोबरीचे पाप मानले आहे आणि सोन्याची चोरी महापातकांत मोडते. इस्लामी न्यायशास्त्रातही दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा माणूस अमानतदार असतो. नशिबाने नुकसान झाले तर तो देणे लागत नाही, पण हयगय किंवा मर्यादाभंग केला की भरपाई त्याच्याच माथी येते. परंपरा वेगळ्या, ग्रंथ वेगळे, तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. अनोळखी माणसाने केलेली चोरी आणि ज्याच्या हाती आपण होऊन किल्ली दिली त्याने केलेली चोरी, या दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

प्रायश्चित्ताचा विचार तर याच्याही पुढे जातो. हलक्या किमतीच्या वस्तूंच्या चोरीसाठी मनूने सांतपन कृच्छ्र हे उपवासाचे प्रायश्चित्त सांगितले आहे, पण चोरलेली वस्तू परत केल्यावर. आधी परतफेड, मग शुद्धी. ज्याच्या घरातून वस्तू गेली त्याच्या घरात ती पोचल्याशिवाय उपासतापासाला अर्थ नाही. चोर सापडलाच नाही तर? मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही सांगतात, की चोरीला गेलेले धन प्रजेला मिळवून देणे हे राजाचे कर्तव्य आहे. कौटिल्य तर म्हणतो, चोरीचा माल हाती लागला नाही तर राजाने स्वतःच्या खजिन्यातून भरून द्यावे. या ग्रंथांतल्या जातिभेदाच्या आणि स्त्रियांविषयीच्या तरतुदी आज कुणीही स्वीकारू नयेत, आणि संविधानाने त्या संपवल्या आहेत. परतफेडीचा हा विचार मात्र आजच्या कायद्यापेक्षा फसवल्या गेलेल्याच्या अधिक जवळ उभा आहे.

स्वतंत्र भारतात या विचाराच्या जवळ जाणारे एक प्रकरण मद्रासकडचे आहे. सत्तरीच्या आसपासचे एक जोडपे, त्यातला नवरा बहिरा. १५,००० आणि ५,००० रुपयांच्या दोन वचनचिठ्ठ्यांवर दावे लावण्यासाठी त्यांनी वकिलाकडे कागद दिले. दावे नीट दाखल झालेच नाहीत. वकील मात्र त्यांना तारखा सांगत राहिला आणि शेवटी हुकूमनामे झाल्याचेही त्याने सांगून टाकले. खरे कळले तोवर वेळ हातची गेली होती. राज्य बार कौन्सिलने सहा वर्षे निलंबनाची शिक्षा दिली, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती एक वर्षावर आणली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१९७८ मधल्या त्या निकालात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी वेगळाच मार्ग धरला. शिक्षेने माणूस मोडू नये, सुधारावा आणि समाजाच्या उपयोगी पडावा, ही त्यांची धारणा होती. वकिलाने पीडिताला रक्कम द्यावी आणि कायदेविषयक मदत देणाऱ्या अधिकृत संस्थेत वर्षभर गरिबांसाठी काम करण्याची हमी द्यावी, अशा अटींवर त्यांनी निलंबनाची मुदत कमी केली. प्रायश्चित्ताची दोन्ही अंगे त्यात होती, परतफेड आणि सेवा. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी असहमती नोंदवली. वकील आणि पक्षकार यांचे नाते निखळ विश्वासाचे आहे, तो विश्वास मोडणाऱ्याला सवलत देण्याचे कारण त्यांना दिसले नाही.

सेन यांच्या मताला वजन आहे. फसवलेल्या वृद्धांच्या जागी उभे राहून पाहिले तर शिक्षा कमी होणे जिव्हारी लागते. दया दाखवण्याचा पहिला हक्क ज्याचे नुकसान झाले त्याचा. त्याच्या वतीने तिसऱ्याने उदार होणे सोपे असते. पण अय्यर यांनी कायद्यातली एक पोकळी अचूक हेरली होती. नुसते निलंबन वकिलाला शिक्षा देते, त्या जोडप्याच्या हातात काहीच देत नाही. त्यांनी ती पोकळी न्यायाधीशाच्या कल्पकतेने भरली. संसदेने ती अजून भरलेली नाही.

मधल्या काळात दुसरे एक दार उघडले आणि मिटले. दिल्लीतल्या एका माणसाचा धनादेश न वटल्याचा खटला होता. समोरच्याने २०,००० रुपयांचा ड्राफ्ट आणि खर्चापोटी ५,००० रुपयांचा धनादेश वकिलाकडे दिला. ते आपल्याला वेळेवर मिळाले नाहीत आणि वकिलाने फीपोटी रोख रक्कम मागितली, अशी पक्षकाराची तक्रार. जिल्हा ग्राहक मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला, राज्य आयोगाने तो फिरवला. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने ठरवले, की वकीलही सेवाच देतो, म्हणून ग्राहक कायदा त्याला लागू आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि पंकज मिथल यांच्या खंडपीठाचे म्हणणे असे, की वकिली हा व्यापार नाही, वकील पक्षकाराच्या सूचनांनुसार वागतो, त्याच्यावर पक्षकाराचे थेट नियंत्रण असते. म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे आणि ग्राहक कायद्याबाहेरचा आहे. डॉक्टर १९९५ पासून त्या कायद्याखाली आहेत, वकील नाहीत.

वकिली हा व्यापार नाही, हे म्हणणे उदात्त आहे आणि ते खरेही ठरावे. नियंत्रणाचा मुद्दा मात्र अनुभवाशी जुळत नाही. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या विधवेला आपल्या दाव्यात पुढे काय होणार हे वकिलाचा कारकून सांगेल तेवढेच कळते. कोण कुणाच्या हुकमात आहे, हे तिला विचारून पाहावे. व्यवसाय जितका उदात्त मानायचा, तितके त्याच्या चुकीचे उत्तरदायित्व वाढायला हवे.

म्हणून आज फसवल्या गेलेल्या पक्षकारापुढे काय उरते, हे स्पष्ट माहीत असणे गरजेचे आहे. पहिले काम कागद ताब्यात घेण्याचे. फी थकली या कारणाने वकिलाला खटल्याचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. कागद अडवणे हेच गैरवर्तन ठरते. मग कोर्टातून रोजनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल काढावी. कोणत्या तारखेला कोण हजर होते आणि काय झाले, ते त्यात लिहिलेले असते. ई-कोर्ट्स प्रणालीवर खटल्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा घरबसल्याही पाहता येतात. दावा गैरहजेरीत निकाली निघाला असेल किंवा एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर नवा वकील लावून फेरदाखलीचा आणि उशीर माफ करण्याचा अर्ज लगेच द्यावा. इथे एकेक दिवस मोलाचा असतो.

गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे जाते. महाराष्ट्र आणि गोव्याची कौन्सिल एकच आहे. तिने वर्षाच्या आत निर्णय दिला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्य कौन्सिलच्या निर्णयावर ६० दिवसांत तिथे आणि पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. पैसे हडपले किंवा खोटे कागद केले असतील तर पोलिसांकडे जाता येते. भारतीय न्याय संहितेची कलमे ३१६ आणि ३१८ अनुक्रमे विश्वासघाताची आणि फसवणुकीची आहेत. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा आहे. वकिलाच्या हयगयीने झालेल्या नुकसानीबद्दल त्याच्यावर दावा लावता येतो, हे १९२६ च्या वकिलांच्या फीविषयक कायद्यातच म्हटले आहे. आणि हे सारे पेलवत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

एवढे असूनही पुष्कळ जण काहीच करत नाहीत. एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील उभा राहायला कचरतो, हे एक कारण. दुसरे कारण श्रद्धेचे आहे : देव बघून घेईल, त्याचे पाप त्याला फेडावे लागेल. या श्रद्धेची टर उडवण्यात अर्थ नाही. कित्येकांना ती फसवणुकीनंतर उभे राहायला आधार देते. पण तिच्यात दोन गोष्टींची गल्लत होते. करणाऱ्याला त्याच्या कर्माचे फळ मिळणे एक, आणि ज्याचे गेले त्याला ते परत मिळणे दुसरे. पहिले देवावर सोपवता येते. दुसऱ्यासाठी माणसांना व्यवस्था उभी करावी लागते, म्हणूनच स्मृतिकारांनी ते राजाच्या माथ्यावर टाकले. दाद मागणे हा सूड नाही. त्याच व्हरांड्यात उद्या येणाऱ्या पुढच्या माणसाचे रक्षणही त्याच तक्रारीतून होते.

खजिन्यातून भरून देण्याची कौटिल्याची ती कल्पना जगात काही ठिकाणी प्रत्यक्षात आलेली आहे. न्यूझीलंडने १९२९ मध्येच वकिलांच्या अप्रामाणिकपणामुळे बुडालेले पक्षकारांचे पैसे भरून देणारा निधी कायद्याने उभारला. न्यूयॉर्क राज्यात १९८२ पासून असा निधी आहे, एका नुकसानीपोटी चार लाख डॉलरपर्यंत तो देऊ शकतो, आणि त्याचा पैसा वकिलांच्या नोंदणी शुल्कातून येतो. आपल्याकडे महाराष्ट्रात वकिलांच्या कल्याण निधीचा कायदा १९८१ चा आहे. आजारी वकिलाला, मृत वकिलाच्या कुटुंबाला त्यातून आधार मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण त्या निधीचे तिकीट पक्षकाराच्या वकीलपत्रावर लागते, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जाते. त्या तिकिटातला छोटासा हिस्सा फसवल्या गेलेल्या पक्षकारांसाठी वेगळा काढणे राज्याच्या हाती आहे. कलम ३५ मध्ये परतफेडीच्या हुकमाचा पाचवा पर्याय घालणे संसदेच्या हाती आहे. तो पर्याय तेव्हा असता, तर शिस्तपालन समितीपुढील लखीमपूरच्या प्रकरणात निलंबन की कायमची बंदी हे ठरवण्याआधी ८,११८ रुपये व्याजासह कधी देतोस, हा प्रश्न विचारता आला असता.